सारखी चाल

नारायणरावांनी राजकुमारच्या डाव्या गुडघ्याला हात लावला तो बाजारात बैलाला लावतात तसाच. आधी तळहात, मग अंगठा, मग वाटीच्या खाली दोन बोटं रोवून दाब; आणि दाबताना नजर गुडघ्यावर नाही, समोरच्याच्या डोळ्यांवर. डोळा मिटला की दुखणं खरं. राजकुमारचा डोळा मिटला.

"हाय अजून," नारायणराव म्हणाले. त्यांनी हात पायजम्याला पुसला आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पन चालून जाईन."

अपेक्षा भिंतीशी वही घेऊन उभी होती. गुरांना घालायच्या सरकी ढेपीच्या गोदामामागची ती खोली म्हणजे लोणारच्या सरोवर फुटबॉल क्लबचं कार्यालय. फळीवर धूळ खाणारे चषक, खाली ढेपीची पोती, आणि खोलीभर तो आंबूस वास. वास रोजचाच होता. तरी आज तिला तो सोसेना, ते त्या पुसलेल्या हातामुळे.

नारायणराव क्लबचे अध्यक्ष, आणि चाळीस वर्षांपासून बैलांचे व्यापारी. माणूस समोर आला की त्यांना आधी त्याचे पाय दिसत. राजकुमार क्लबचा फॉरवर्ड. कागदावर वय तेहतीस, खरं छत्तीस. "बैलाचं वय दातावरून, खेळाडूचं आधारकार्डावरून," असं नारायणराव हसून सांगत. "कानस दोन्हीले लागते." सतरा हंगाम राजकुमार या एकाच क्लबकडून खेळला होता. मैदानाच्या कडेला चहावाला कधीच गोलपोस्टाच्या मागे गाडी लावत नसे, कारण एकदा राजूच्या चेंडूनं त्याची किटली मैदानाबाहेरच्या बोरीत नेऊन ठेवली होती.

आता शेगावच्या एका नव्या क्लबाला राजकुमार हवा होता. त्या क्लबाचे मालक शेषराव. त्यांचे दोन लॉज होते, नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि संघ सलग सात सामने हरला होता. जिल्हा लीगमध्ये खेळाडू दुसरीकडे जायचा तर जुन्या क्लबाचं ना हरकत पत्र लागतं, आणि ते पत्र कुणी फुकट देत नाही.

अपेक्षाचा या सगळ्याशी संबंध आला तो एका आवाजामुळे. अमरावतीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला वर्षभर घरी आली होती. सकाळी मैदानाला फेऱ्या मारताना तिला जाणवलं की बाकीची पोरं पळताना टप टप वाजतात, राजूदादा मात्र टप-टटप, टप-टटप वाजतो. असं का? तिनं फोनवर संथ चित्रण केलं. सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं. उजवा पाय जमिनीवर त्रेपन्न चित्रं टिकायचा, डावा शेहेचाळीस. म्हणजे डाव्या पायावर तो तेरा टक्के कमी वेळ उभा राहत होता. अंगच झटकून उजव्यावर टाकत होता. तिनं आठ महिने मोजलं. आकडा तेराच्या खाली आला नाही. बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत: गुडघ्यातली गादी झिजली आहे, खेळणं थांबवलं नाही तर पाच वर्षांत हातात काठी येईल.

तिची मोजमापं पाहून नारायणरावांना फार आनंद झाला होता. त्यांनी क्लबाच्या नावाचे छापील कागद तिच्या हवाली केले, शिक्का दिला, आणि ती क्लबाची चाचणी घेणारी झाली. चाचणीचा उपयोग कशासाठी होणार, हे तिनं विचारलं नव्हतं. ते विचारायला हवं होतं, हे तिला आता कळत होतं.

रविवारी बैठक झाली. नऊ जण, ढेपीच्या पोत्यांवर बसलेले.

"घरचा बैल म्हतारा झाला म्हून कोनी विकते काय?" किसनराव म्हणाले. ते क्लबाचे सगळ्यात जुने सभासद.

"सगळेच विकतेत," नारायणराव म्हणाले. "तुम्ही नाई का इकला मागच्या पोळ्यानंतर? मीच गिऱ्हाईक आनलं होतं."

सगळे हसले. 

हर्षल उठून उभा राहिला. तो एकोणीस वर्षांचा, दोन हंगाम राखीव बाकावर बसलेला फॉरवर्ड. "राजूदादा माहा गुरू हाय. पन मी कधी खेळू? त्याहिचा गुडघा तुटल्यावर?"

या बोलण्यात चूक काही नव्हती. ते अपेक्षालाही पटलं. तिनं आपलं मत वाचून दाखवलं: राजकुमारला विकू नये आणि खेळवूही नये, क्लबानं त्याला मानधन देऊन प्रशिक्षक करावं. खाली तिनं आकडे दिले होते.

"मानधन!" कुणीतरी म्हणालं. "आमी नेटा फाटल्या त सुतळीनं शिवून राह्यलो, बाई."

"पोरी," नारायणराव मायेनं म्हणाले, "तुहा हिसाब बरोबर हाय. म्हनूनच त आत्ता इकाचा. लंगडा दिसला का मंग कोन घेते?"

ठराव झाला. आठ विरुद्ध शून्य. अपेक्षाला मत नव्हतं. राजकुमारला बैठकीला बोलावलंच नव्हतं. बाजारात बैलाला विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या मळ्यात गेली. राजकुमार मेथी काढत होता, पण उकिडवा बसून नाही. प्लास्टिकचं कॅरेट पालथं घालून त्यावर बसायचं, हाताच्या टप्प्यातली मेथी उपटायची, मग कॅरेट ढकलायचं, पुन्हा बसायचं. त्याची बायको छाया दोन वाफे पुढे गेली होती आणि वळून वळून त्याला चिडवत होती.

"पाह्य ना वं अपेक्षा, फुटबॉलपटू! मेथीनं ह्याहिले हरवलं."

"मेथी खाली असते, गोल वर असते," राजकुमार म्हणाला. "ये वं ताई. बस. कॅरेट हाय दुसरं."

ती बसली नाही. "दादा, तुम्ही नाही म्हणा. तुमच्या सहीशिवाय ते पत्र जात नाही. शेगावला गेलात तर दर रविवारी पूर्ण सामना खेळवतील. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंय."

राजकुमारनं जुडी बांधली, माती झटकली. "शेषरावनं खुर्ची कबूल केली मले."

"कसली?"

"लॉजच्या गल्ल्यावरची. किल्ली द्याची, वहीत नाव लिवाचं. पंखा डोक्यावर. हंगाम खेळला का मंग पक्की नोकरी." तो हसला. "माह्या गुडघ्याले वाकाच लागत नाई अशी नोकरी या सगळ्या तालुक्यात कोनती हाय, सांग. मेथीत वाकाव लागते, वांग्यात वाकाव लागते. हमालीत त इच्यारूच नको. इथं कोच होऊन काय भेटन? नारळ न् शाल."

छाया पुढच्या वाफ्यावरून म्हणाली, "शाला हायत सात. एकात बी ऊब नाई."

"पण तुमचा गुडघा पाहून ते घेतील का?" अपेक्षा म्हणाली. "ते चाचणी मागणार. माझी."

"हाव, तेच त." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू जे हाय ते लिव. मी पळतो बराबर."

गुडघा ठरवून बरा पळत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तो परत कॅरेट ढकलायला लागला होता.

नऊ दिवसांनी शेषराव आले. पांढरी मोठी गाडी, मागे दोन कार्यकर्ते, चार बोटांत चार अंगठ्या. अपेक्षानं तीस मीटरवर चुना टाकून रेघा आखल्या, फोन तिवईवर लावला. पोरं बांधावर बसली. शेषराव राजकुमारभोवती एक फेरी मारून आले. त्याच्या खांद्यावर थाप मारली, पोटरी दाबून पाहिली. "तब्येत त राखली हाय," ते राजकुमारला नाही, नारायणरावांना म्हणाले.

"घरचा चारा," नारायणराव म्हणाले.

राजकुमार पळाला. आणि अपेक्षाच्या कानाला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. टप. टप. टप. टप.

तिनं तिथंच फोनवर चित्रं मोजली. उजवा शेहेचाळीस. डावा पंचेचाळीस. तिनं पुन्हा मोजली. तेच. तेरा टक्क्यांचा फरक नऊ दिवसांत दोनवर आला होता. क्षणभर तिला आनंद झाला, खराखुरा, बावळट आनंद. मग तिनं वेळ पाहिली. मागच्या महिन्यात तीस मीटरला चार पूर्णांक नऊ सेकंद. आज पाच पूर्णांक तीन.

डावा पाय बरा झाला असता तर तो वर यायला हवा होता, त्रेपन्नाकडे. तो होता तिथंच होता. खाली आला होता तो उजवा. आणि पळणं मंदावलं होतं. म्हणजे सुधारलं काहीच नव्हतं; एक पाय आधीच दुखत होता, आता दुसराही दुखत होता.

राजकुमार कडुलिंबाखाली बसून बूट काढत होता. डावा सहज निघाला. उजवा काढताना त्यानं दात आवळले. अपेक्षानं जाऊन तो बूट उचलला, उपडा केला, आतला तळवा ओढून काढला. टाचेच्या जागी चिकटपट्टी होती आणि पट्टीखाली एक चिंचोका. तपकिरी, गुळगुळीत, कडेला रक्त लागलेला. राजकुमारच्या उजव्या टाचेवर रुपयाएवढी कातडी सोलवटली होती आणि मोज्याचा धागा त्यात चिकटला होता.

"कुणी घातला?"

तो टाचेला चिकटलेला धागा सोडवू लागला. नारायणराव मागून आले होते. त्यांना लाजबीज काही वाटलेली दिसली नाही. उलट पोरीनं बरोबर हुडकलं याचं कौतुकच वाटलं असावं.

"आमच्या धंद्यातलं जुनं हाय ते," ते हळूच म्हणाले. "बैल एका पायानं लंगडला का दिसते. दुसऱ्या खुरात बारीक खडा बसवला का दोन्ही पाय सारखे दुखतेत. मंग चाल सारखी होते. गिऱ्हाईक चाल पाहाते, दुखनं कोन पाहाते? खडा मानसाले कापन, म्हनून चिंचोका. गुळगुळीत असते."

ही त्यांची दया होती. अपेक्षाला त्या चिंचोक्याची, त्या चिकटपट्टीची, आपल्या हातातल्या ओलसर बुटाची एकदम शिसारी आली. आणि सगळ्यात जास्त त्या दोन टक्क्यांची, जे तिनं स्वतःच्या हातानं वहीत लिहून खाली रेघ मारली होती.

"दादा, तुम्हाला माहीत होतं?"

"पाय माहाच हाय ना," राजकुमार म्हणाला.

ती तशीच चिंचोका मुठीत घेऊन शेषरावांकडे गेली. मागून नारायणरावांनी हाक मारली, ती थांबली नाही. गाडीच्या बॉनेटवर तिनं चिंचोका ठेवला आणि सगळं सांगितलं: गुडघा, आठ महिने, तेरा टक्के, डॉक्टर, चिंचोका. नेमकं, क्रमानं, प्रयोगाची मांडणी सांगावी तसं.

शेषराव ऐकून घेत होते. मग ते हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले. चिंचोका उचलून त्यांनी उन्हात धरला.

"नारायणराव! अबे, माह्या बापानं तुमाले बैल इकला हाय, न् तुमी मले चिंचोका दाखवता?"

"ओळखलं का तुमी?" नारायणराव लांबूनच म्हणाले.

"गाडीतून उतरलो तव्हाच. टाच टेकवून उभा राहात नव्हता तो." शेषराव अपेक्षाकडे वळले. "पोरी, हुशार हायस. पन मले त्याचा गुडघा नाई पाह्यजे. त्याचं थोबाड पाह्यजे. जिल्ह्यात पोट्ट्याहिले दुसऱ्या कोनत्या खेळाडूचं नाव येते? बॅनरवर गुडघा कोन छापते?"

"मग घेऊ नका ना त्यांना खेळायला. नुसती नोकरी द्या."

"थांब, थांब. आता भाव होऊ दे." त्यांनी चिंचोका खिशात टाकला, आणि त्यांचा चेहरा एकदम धंद्याचा झाला. "या, नारायणराव. आता बोलू. मालात खोड हाय, तुमच्याच पोरीनं सांगतली."

अपेक्षाला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. तिचं खरं बोलणं कुणाचे डोळे उघडायला कामी आलं नव्हतं. ते भाव पाडायला कामी आलं होतं.

लिंबाखाली दोघं समोरासमोर उभे राहिले. नारायणरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या उजव्या हातांवर टाकला. बाजारात असाच सौदा होतो. तोंडानं भाव बोलायचा नाही, कापडाखाली बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा. कापड हलत होतं. वर दोघांचे चेहरे कोरे, जणू ते हात त्यांचे नव्हतेच. बांधावरची पोरं उभी राहून पाहत होती. सतरा हंगाम ज्याच्या नावानं ती ओरडली तो माणूस चार हात अंतरावर अनवाणी उभा होता, एका हातात बूट, आणि पाहत होता की कापडाखालचा उंचवटा मोठा होतो की लहान. तो लहान होत होता.

राजकुमार लंगडत, दोन्ही पायांनी लंगडत, पुढे आला आणि त्यानं दुपट्टा उचलला.

असं कुणी करत नाही. सौद्यातलं कापड तिसऱ्यानं उचललं तर बाजारात हातापायी होते. खाली दोन केसाळ, घामेजले पंजे एकमेकांत अडकले होते. शेषरावांच्या अंगठ्या घातलेल्या मुठीत नारायणरावांची तीन बोटं आवळलेली होती.

"तीन," राजकुमार म्हणाला. "मले वाटे पंजा त भरन."

कुणी हसलं नाही.  आता तो बूट फेकून देईल, अपेक्षाला वाटलं. आता तो पाठ फिरवून मळ्याकडे चालू लागेल, जसा जमेल तसा, पण चालू लागेल. ते बघायला ती त्या क्षणी काहीही द्यायला तयार होती.

राजकुमारनं दुपट्ट्याची घडी केली. "आन् खुर्ची?"

शेषरावांनी हात सोडवून घेतला. "खुर्ची चांगल्या गुडघ्याले कबूल केली होती, राजू. आता पाहू. सहा मॅच खेळ. लंगडताना मले दिसला नाई पाह्यजे, पब्लिकले त नाईच. सहा झाल्या का मंग खुर्ची."

"लेखी?"

"जबान हाय माही."

राजकुमारनं मान हलवली. बूट दुसऱ्या हातात घेत तो म्हणाला, "बरं."

नारायणरावांनी इसार म्हणून एक नोट घेतली आणि कपाळाला लावली. एक नोट शेषरावांनी अपेक्षापुढे धरली. "धर. खोड दाखवनाराची दलाली. रिवाज हाय."

तिनं हात मागे घेतला. नोट खाली पडली. एका कार्यकर्त्यानं ती उचलून आपल्याच खिशात घातली, अगदी सहज.

"आन् तो चाचनीचा कागद," शेषराव म्हणाले. "शिक्का मारून दे. आमच्या कमिटीले दाखवाचा हाय. दोन टक्के लिवलं ना? तेच दे."

म्हणजे खोटं कुणाला फसवायला नको होतं. इथं सगळ्यांना सगळं माहीत होतं. तरीही कागदावर ते हवं होतं, तिच्या सहीनं. अपेक्षानं राजकुमारकडे पाहिलं. तो म्हणाला, "कर ना ताई सही. आता काय राह्यलं?"

तिनं वही उघडली. छापील कागदावर आकडे उतरवले: उजवा शेहेचाळीस, डावा पंचेचाळीस, फरक दोन टक्के. खाली, सहीच्या वर, तिनं स्वच्छ अक्षरांत लिहिलं: "चाचणीच्या वेळी उजव्या बुटात टाचेखाली चिंचोका होता. त्यामुळे दोन्ही पाय सारखे दुखत होते. हा खेळाडू खेळण्यास योग्य नाही." मग सही केली. मग शिक्का मारला. शाई नीट उठावी म्हणून तो दोन वेळा दाबला.

शेषरावांनी कागद घेतला. आकडे पाहिले, शिक्का पाहिला, खालची ओळही वाचली. ओठ हलवत, पूर्ण वाचली. "अक्षर मस्त हाय," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून चिंचोक्याच्याच खिशात ठेवला. "लिवू दे. कोन वाचते?"

तीन आठवड्यांनी शेगावला राजकुमारचा सत्कार होता, त्यानंतर त्याचा नव्या संघाकडून चौथा सामना. अपेक्षाला जायचं नव्हतं. पण छाया आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "मी एकटीच बाईमानूस तिथं काय करू? चाल ना." दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या. मेहकर सोडल्यावर छायानं पिशवीतून शेंगा काढल्या, आणि खिडकीतून टरफलं टाकत सांगायला लागली. राजकुमारला लॉजवर खोली दिली आहे. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. परवा एका माणसानं दर्शनाच्या रांगेतून ओळखलं.

स्टेशनच्या रस्त्यावर फ्लेक्स लागला होता. दोन मजल्यांचा राजकुमार, पाय चेंडूवर, शेजारी हात जोडलेले शेषराव. खाली लाल अक्षरांत: "दोन्ही पाय ९८ टक्के समान! वैज्ञानिक चाचणी उत्तीर्ण!" आणि कोपऱ्यात, खात्री पटावी म्हणून, तिचा तो कागदच छापला होता, शिक्क्यासकट. तिची ओळही होती त्यात. रस्त्यावरून नुसती करडी रेघ वाटत होती. अपेक्षा जवळ गेली. फ्लेक्सला नाक लागेल इतकी जवळ. मग वाचता आलं. चिंचोका हा शब्द तांदळाएवढा होता. तिच्या मागे दोन पोरं स्वतःचा फोटो काढायला उभी होती. "ताई, जरा बाजूले व्हा ना," त्यांच्यातला एक म्हणाला. "गुडघा झाकून राह्यला तुमच्यानं."

मैदानावर मांडव होता. शेषरावांनी माइकवरून नाव पुकारलं. ढोल थांबले, आणि राजकुमार मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून, लाकडी फळ्या टाकलेल्या वाटेनं व्यासपीठाकडे यायला निघाला. नवे पिवळे बूट. ताठ पाठ. ओठांवर हसू, बॅनरवरचंच.

फळ्यांमुळे आवाज स्पष्ट येत होता. अपेक्षानं न ठरवता मोजायला सुरुवात केली. टप. टप. टप. टप. व्यासपीठापर्यंत अठ्ठावीस पावलं. अठ्ठावीसही सारखी. नारायणराव तर इथं नव्हते. चिकटपट्टी लावून द्यायला आता दुसरं कुणीही नव्हतं.

छायानं तिचा हात दाबला. तिचे डोळे भरून आले होते. "पाह्यलं? अजिबात लंगडत नाईत. तीन मॅच झाल्या, एकदा बी नाई. मी म्हनत होती ना, इथलं पानी मानवलं. बराच झाला गुडघा." ती अपेक्षाकडे वळली. "तू त मोजते ना वं. बरा झाला ना?"

वर शेषराव राजकुमारच्या गळ्यात हार घालत होते, आणि दुसऱ्या हातानं त्याचा दंड दाबून पाहत होते. अपेक्षाला मागच्या वेळचं आठवलं. मागच्या वेळी तिनं खरं सांगितलं होतं ते चुकीच्या माणसाला.

"वहिनी," ती म्हणाली, "आज सामना संपला की दादांचा उजवा बूट तुम्ही काढा. त्यांना काढू देऊ नका."

"काऊन?"

"तुम्हीच काढा. आणि आतला तळवा उचलून बघा."

छायाचं हसू तसंच राहिलं, पण तिनं अपेक्षाचा हात सोडला. मग ती पुन्हा व्यासपीठाकडे पाहायला लागली, आता चेहऱ्याकडे नाही, खाली, त्या पिवळ्या बुटांकडे.